पावलांचा हिशेब आणि ताटाचा हिशेब
(संस्थेच्या आरोग्य परिसंवादात केलेले भाषण)



'वजन आणि आरोग्य' या विषयावर बोलावे असे कार्यकारिणीने सांगितले, तेव्हा आम्ही थोडे दचकलो. आम्ही डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. आम्ही पाच जण आहोत. तिघे बँकेत कारकुनी करणारे, एक शाळेतल्या बाई आणि एक एस.टी.तील वाहक. सर्वांनी चाळिशी ओलांडलेली. गेल्या दीड वर्षात आम्ही मनगटाला पावले मोजणारे पट्टे बांधले आणि जे खाल्ले ते वहीत लिहिले. त्यात काही साधले, काही फसले. दोन्हींचा जमाखर्च आज आपणांपुढे मांडतो आहोत. बोलणारा एक असला तरी बोलणे पाचांचे आहे.

सुरुवात घरातल्या एका प्रश्नावरून करतो. आमच्यापैकी एकाने भात वाटीने मोजून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याची आई म्हणाली, "तुम्हा पोरांना पोटभर मिळावं म्हणून आम्ही जन्मभर राबलो. आणि आता तू तोलून-मापून जेवणार?" या प्रश्नाचे उत्तर त्याला देता आले नाही. आम्हांलाही सुचले नाही. ज्या पिढीने पेजेवर दिवस काढले, तिच्या दृष्टीने भरलेले ताट म्हणजे जिंकलेली लढाई. पाहुण्याला "आणखी घ्या, लाजू नका" म्हणणे हा आपला मान. अशा घरात कमी वाढून घेणारा माणूस कृतघ्न वाटतो. वजन कमी करण्यातील पहिली अडचण ही आहे. ती भुकेची नसून मनाची आहे.

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पुण्यात सापडले. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुणे परिसरातील खेड्यांतल्या मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. परंतु आपल्या बाळांत मांस कमी असूनही चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला किडकिडीत, आतून मेदयुक्त. गर्भात असताना झालेले कुपोषण आणि पुढे मिळालेले भरपूर अन्न यांचा मेळ मधुमेहाला आमंत्रण देतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. २००४ साली त्यांनी आपला आणि इंग्लंडमधील डॉक्टर मित्र जॉन युडकिन यांचा फोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के!

बंधूंनो, हे वाचले आणि आईचा प्रश्न आम्हांला वेगळा दिसू लागला. तिच्या पिढीने सोसलेली उपासमार कदाचित आमच्या शरीरातही उतरली आहे. तेव्हा मापाने जेवणे म्हणजे तिच्या कष्टांचा अपमान नव्हे. तिने कष्टाने वाढवलेले शरीर सांभाळण्याचाच तो मार्ग आहे. भारतीय डॉक्टरांनी २००९ साली आपल्या लोकांसाठी मर्यादाही निराळ्या ठरविल्या. निर्देशांक २३ झाला की वजन जास्त, २५ झाला की लठ्ठपणा. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर यांच्या आत असावी. आम्ही टेप लावली. पाचांपैकी एकही मर्यादेच्या आत नव्हता. आम्हां तिघांची अवस्था तर सांगायलाच नको. सकाळी दहाला खुर्चीत बसायचे ते संध्याकाळीच उठायचे, आणि मध्ये सहा कप चहा.

मग पट्टे घेतले. रोज दहा हजार पावले हा निश्चय केला. हा आकडा कुठून आला, हे नंतर कळले. १९६५ साली जपानमध्ये एका कंपनीने पावले मोजणारे यंत्र विकायला काढले. त्याचे नावच 'दहा हजार पावलांचे मापक' अशा अर्थाचे होते. म्हणजे आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नव्हता, जाहिरातीतून आला होता. अमेरिकेत वृद्ध स्त्रियांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. त्यात रोज साडेचार हजारांच्या आसपास पावले चालणाऱ्यांनाही फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढला नाही. तेव्हा ज्याला दहा हजार जमत नाहीत त्याने निराश होऊ नये.

आम्ही मात्र हट्टाने दहा हजार पुरे करीत होतो. पहाटे अलिबागच्या किनाऱ्यावर, ओहोटी असेल तर कुलाबा किल्ल्याच्या दिशेने ओल्या वाळूवरून, आणि पावसाळ्यात घराच्या व्हरांड्यात. तीन महिने झाले. वजनाचा काटा जागचा हलला नाही. एकाचे तर किलोभर वाढले.

कारण सरळ होते. पट्ट्याने 'आज ४५० कॅलरी खर्च' असे दाखविले की आम्ही परतताना वडापाव खात होतो. चाललो ना, मग हक्कच आहे, असा विचार. वास्तविक सत्तर किलोचा माणूस सहा-सात किलोमीटर चालला तर त्याच्या जादा कॅलरी ३०० च्या आसपास खर्च होतात. एक वडापाव आणि साखरेचा चहा यांत त्या परत येतात. शिवाय पट्ट्याचा आकडा खात्रीचा नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१७ साली मनगटावरची सात यंत्रे तपासली. नाडीचे ठोके त्यांतील बहुतेकांनी बरे मोजले. पण खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले यंत्रही सरासरी २७ टक्के चुकले, आणि सर्वांत वाईट ९३ टक्के.

आमच्या बाईंनी हे घरीच सिद्ध केले. त्या भाकऱ्या थापू लागल्या की पट्टा पावले मोजू लागे. उलट पाण्याची कळशी कमरेवर घेऊन चालल्या, हात स्थिर राहिला, की खरी पावले गळत. बाईमाणसाचे कष्ट न मोजणारे आणखी एक यंत्र आले, असे त्या म्हणाल्या. आम्ही हसलो खरे, पण त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

पिट्सबर्ग विद्यापीठाचा २०१६ सालचा प्रयोग तर डोळे उघडणारा आहे. वजन जास्त असलेल्या ४७१ तरुणांना दोन वर्षे आहार आणि व्यायाम यांचे मार्गदर्शन मिळाले. सहा महिन्यांनंतर निम्म्यांना अंगावर बांधायचे यंत्र दिले. शेवटी यंत्रवाल्यांचे वजन सरासरी ३.५ किलोने घटले, तर बिनयंत्रवाल्यांचे ५.९ किलोने. यंत्र बांधले म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा आम्ही ताटाकडे वळलो. वही घातली. पहिल्या महिन्यात आमचा रोजचा आकडा सोळाशेच्या वर जाईना, तरी वजन घटेना. आम्ही बँकेतली माणसे. खतावणी जुळत नाही म्हणजे नोंद कुठेतरी चुकली आहे, एवढे आम्हांला कळते. शोध घेतला. वहीत 'भात १ वाटी' असे लिहिलेले होते. वाटी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली, तर ती पुस्तकातल्या दोन वाट्यांइतकी निघाली! मोबाईलमधले अॅप 'माशाचे कालवण १ वाटी' म्हणते, त्याला आपल्या आगरी-कोळी पद्धतीच्या वाटणातले खोबरे ठाऊक नसते. शंभर ग्रॅम ओल्या खोबऱ्यात ४०० च्या वर कॅलरी असतात. तेलाच्या एका ग्रॅमला ९, म्हणजे चहाच्या एका चमच्याला ४५. तळलेल्या बांगड्याने तेल किती पिले, हे कोणी लिहिले नव्हते. सहा कप चहातली बारा चमचे साखर, म्हणजे सुमारे २४० कॅलरी, तीही नव्हती. आणि मुलांच्या ताटात उरलेले 'वाया कशाला' म्हणून खाल्लेले, ते तर कधीच नव्हते.

हा आमचाच दोष आहे असे नाही. न्यूयॉर्कमधील संशोधकांनी १९९२ साली अशा माणसांची तपासणी केली, जी म्हणत की आम्ही कमी खातो तरी वजन घटत नाही. त्यांनी खाल्लेले ४७ टक्के कमी सांगितले होते आणि केलेले श्रम ५१ टक्के जास्त. ती लबाड माणसे नव्हती. माणसाचे मन स्वतःच्या खात्यावर खोटी जमा टाकते, एवढाच त्याचा अर्थ.

या अनुभवातून आम्ही काही नियम केले.

पहिला, घरातली एक वाटी आणि एक पळी ठरवून एकदाच काट्यावर मोजावी, आणि पुढे तीच वापरावी. अन्नाच्या आकड्यांसाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ सालचे तक्ते प्रमाण मानावेत.

दुसरा, घास पोटात गेला की लगेच लिहावे. रात्री आठवून लिहिलेली वही म्हणजे मागाहून भरलेले हजेरीपत्रक.

तिसरा, पट्ट्याने दाखविलेल्या कॅलरी कधीही खाऊ नयेत. पट्टा उठण्यासाठी आहे, खाण्यासाठी नाही. दर तासाला खुर्चीतून उठावे, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालावे, एवढ्यासाठी तो उत्तम. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर कमी चढते.

चौथा, आठवड्यातून एकदा, त्याच वारी, सकाळी, त्याच काट्यावर वजन करावे. दोन्ही वह्यांचा ताळमेळ तिथे लागतो. काटा हलला नाही तर वही चुकली आहे, काटा नव्हे.

पाचवा नियम आम्ही धक्का खाऊन शिकलो. आमचे वाहक मित्र मधुमेहाच्या गोळ्या घेतात. उत्साहाच्या भरात त्यांनी जेवण निम्मे केले, गोळी तेवढीच ठेवली आणि उपाशीपोटी किनाऱ्यावर आले. अर्ध्या वाटेत दरदरून घाम फुटला, हात कापू लागले, बोलणे अडखळले. पट्टा मात्र पावले मोजत होता. एका शहाळेवाल्याने धावत जाऊन साखर आणून तोंडात घातली, म्हणून ते आज या सभेत बसले आहेत. नंतर डॉक्टरांनी गोळीचे प्रमाण कमी केले. म्हणून हात जोडून विनंती आहे की, इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, मग ताट कमी करावे. आणि खिशात साखर ठेवल्याशिवाय चालायला निघू नये.

आता आपल्या परंपरेतील एक दाखला. संयुत्तनिकायात कोसलनरेश पसेनदीची कथा आहे. राजा द्रोणभर भात जेवून धापा टाकीत भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला रागावले नाही की उपासही सांगितला नाही. मापाने जेवणाऱ्याच्या वेदना कमी होतात आणि आयुष्य सांभाळले जाते, अशा आशयाची एक गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावून रोज जेवताना म्हणायला नेमले. हळूहळू राजा नाळीभर भातावर आला, आणि सडपातळ झाला. उपासक-उपासिकांनो, त्या कथेत आपल्याला हवे ते सारे आहे. माप आहे, रोजची आठवण आहे आणि 'हळूहळू' हा शब्द आहे. आमचा पट्टा आणि वही हा आमचा सुदस्सन. पण जेवण कमी केले ते राजाने, सुदस्सनाने नव्हे.

शेवटी ताळेबंद. दीड वर्षात एकाचे वजन नऊ किलोने घटले. दोघांचे चार-पाच किलोने. बाईंचे वजन फारसे घटले नाही, पण कंबर सात सेंटिमीटरने कमी झाली. पाचव्याचे सहा किलो गेले आणि लग्नसराईत चार परत आले, तो पुन्हा वही घेऊन बसला आहे. जो थांबला नाही तो हरला नाही, असे आम्ही मानतो.

आणि ती आई? तिला मुलाने डॉ. याज्ञिकांचे म्हणणे समजावून सांगितले. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र भात वाढायला तिने स्वतःच ती ठरलेली वाटी काढली. त्या दिवसापासून तिच्या ताटातही सगळ्यांच्या आधी एक वाटी पडते, कारण ती नेहमी शेवटी जेवत असे आणि उरेल तेवढेच खात असे. माप घरात आले ते ज्याच्या पोटात जास्त जात होते त्याच्यासाठी. पण जिच्या वाट्याला कमी येत होते, तेही त्यामुळे आमच्या डोळ्यांना दिसले.

 काही उणे-अधिक बोलले गेले असेल तर क्षमस्व. एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवितो.

जयभीम. नमो बुद्धाय.