कातडं हवा पितं

मैफलीत तबलजी हातोडी काढून गठ्ठ्यांवर ठोकू लागला की श्रोत्यांत हमखास चुळबुळ सुरू होते. ‘घरूनच लावून आणायला काय झालं होतं?’ असं कुणीतरी पुटपुटतंही. मंडळी, तो घरून लावूनच आलेला असतो. वाटेत हवा बदलते, आणि हवा बदलली की तबला उतरतो नाहीतर चढतो.

आमच्या मोहल्ल्यात पुड्या बांधणारे एक चाचा होते. त्यांच्या ओसरीवर ऊनसावली बघून कातडी पसरलेली असत. ते म्हणत, ‘बकरी मर गई बेटा, चमडा नै मरा.’ लहानपणी मला ती गंमत वाटे. पुढे कळलं, ते अगदी नेमकं बोलत होते. तबला, मृदंग, ढोलकी यांच्या तोंडावरचं कातडं चपलेच्या चामड्यासारखं पक्कं कमावलेलं नसतं. ते जवळपास कच्चंच असतं, म्हणून तर त्यातून नाद निघतो. पण म्हणूनच ते हवेतलं पाणी पितं. दमट हवेत फुगतं, सैल पडतं, सूर खाली येतो. कोरड्या हवेत आकसतं, सूर चढतो, आणि ताण सोसेनासा झाला की गजऱ्यालगत फाटतं. मधली काळी शाई म्हणजे लोखंडाचा बारीक चुरा आणि खळ यांचे घोटून चढवलेले थर. तीही दमटपणात सुटू लागते, उन्हात तडकते. खोडाचं लाकूडसुद्धा उलतं.

आता आपल्या महाराष्ट्राची हवा बघा. जुलैत रत्नागिरीला दमटपणा ९० टक्क्यांच्या वर जातो. मे महिन्यात नागपूरला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. वाद्याला साधारण ४० ते ६० टक्के दमटपणा मानवतो. म्हणजे वर्षातले बरेच महिने आपण वाद्याला त्याच्या मर्जीविरुद्ध सांभाळत असतो.

सगळ्यात कठीण परीक्षा मला वारीतल्या मृदंगाची वाटते. आळंदीपासून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट, ज्येष्ठ-आषाढाचा पाऊस, आणि वाद्य गळ्यात. ते पेटीत ठेवून चालणार नाही, कारण चालता चालताच वाजवायचं असतं. सर आली की मृदंगी प्लास्टिकचा कागद ओढून घेतो. जाणते मृदंगी मुक्कामी पोचल्यावर आधी तो कागद काढतात. प्लास्टिक बाहेरचं पाणी अडवतं तसं आतली ओलही कोंडून ठेवतं. रात्रभर तसंच राहिलं की सकाळी बुरशीचा वास. चार थेंब पावसापेक्षा हे कोंडणं वाईट, असं माझं मत आहे. डाव्या तोंडाला लावलेली कणीकही त्याच रात्री खरवडून काढावी लागते. ती वाळली तर कातडं ओढते, आणि उंदीर-झुरळांना आमंत्रण ते वेगळंच.

भिजलेलं वाद्य सावलीत, वाऱ्यावर, धीरानं वाळवायचं. हलगीला आणि डफाला आगीची ऊब द्यायची आपली जुनी रीत आहे. आमच्या गावात मोहरमच्या अलाव्याजवळ ताशे शेकले जात. पण शेकणारा हात वाद्य सारखं फिरवत असतो, जाळापासून लांब धरतो. घाई झाली की कातडं पापडासारखं होतं. शाईच्या वाद्याला तर आग दाखवूच नये.

मी कवी माणूस. वृत्तात बसली नाही तर ओळ बदलतो. ढोलकीवाल्याला अशी सोय नाही. तमाशाच्या फडाचा मुक्काम हलतो तेव्हा ट्रकमध्ये राहुट्या, कनाती, पेट्या सगळं एकत्र भरलं जातं. ओल्या कनातीखाली ढोलकी गेली तर दुसऱ्या गावात ती बोलत नाही. नवी पुडी चढवायची तर एखाद्या सुपारीच्या पैशातून त्याच्या हाती काय उरणार? श्रोत्यांना फक्त वाद्य लागलं नाही एवढंच दिसतं.

शहरातले धोके निराळे. उन्हात बंद उभ्या गाडीत बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश अधिक तापमान होऊ शकतं. डिकीत तबला ठेवून जेवायला जाऊ नये. विमानाच्या केबिनमध्ये दमटपणा २० टक्क्यांच्याही खाली येतो. म्हणून प्रवासाआधी गठ्ठे जरा वर ठोकून ताण कमी करतात. वातानुकूलित गाडीतून दमट गावात उतरलात तर गवसणी लगेच उघडू नका. डग्ग्याचं तांबं-पितळ गार असतं, त्यावर लगेच दव धरतं. तासभर बंदच राहू द्या. रंगमंचावरही वाद्य दिव्याखाली किंवा एसीच्या झोतात नको.

कुणी म्हणेल, प्लास्टिकचं पान घाला आणि सुटा. अमेरिकेत १९५०च्या दशकात ते आलं. रेमो बेली यांची कंपनी १९५७ची. आपल्याकडे ढोल-ताशा पथकांनी ते स्वीकारलं, त्यात मला गैर दिसत नाही. भाद्रपदातल्या पावसात चामड्याचा ढोल काय टिकणार? पण डग्ग्यावर तळवा घासून निघणारा घुमारा प्लास्टिकवर माझ्या कानाला अजून पटलेला नाही.

चाचा गेले. त्यांच्या मुलांनी हा धंदा धरला नाही, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? राहिलेल्या कारागिरांकडे गणपतीच्या आधी रांग लागते. तेव्हा तुमच्या कपाटात तबला असेल तर एखाद्या कोरड्या दिवशी गवसणी उघडा. त्याला भिंतीच्या ओलीपासून दूर, चुंबळीवर बसवा, दहा मिनिटं वाजवा. वादी झिजलेली दिसली तर आषाढ लागायच्या आत कारागिराकडे द्या.