भांडी घासण्याचे यंत्र चालू होत नाही तेव्हा



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनसवर नाही तर महागाईभत्त्यावर बोलणार, असे श्रोते धरून चालतात. आम्ही आज डिशवॉशरवर बोलणार आहोत. 2020 च्या टाळेबंदीत घरकामाला येणाऱ्या बायका येईनाशा झाल्या, तेव्हापासून हे यंत्र आपल्याकडील पुष्कळ स्वयंपाकघरांत शिरले. ते सुरू होईनासे झाले की आळ दोघांवर येतो : कंपनीवर आणि कामाच्या बाईवर. कंपनीच्या वतीने बोलायला पगारी माणसे असतात. बाईच्या वतीने कोणी बोलत नाही, म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

हा आळ यंत्राइतकाच जुना आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कोक्रन या बाईंनी 1886 साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. नोकर धुताना चिनी मातीच्या उंची बशांचे टवके उडवतात, ही त्यांची तक्रार होती म्हणून सांगतात. 1893 च्या शिकागोच्या प्रदर्शनात ते यंत्र मांडले गेले. सुरुवातीची गिऱ्हाइके मिळाली ती मात्र हॉटेले. घरोघरी ते जायला पुष्कळ काळ लागला.

बटण दाबले की यंत्राने चालावे, ही आपली अपेक्षा. वास्तविक बटण म्हणजे नुसता अर्ज. वीज आहे काय, दार बसले काय, पाणी येते काय, तळ कोरडा आहे काय, एवढ्या गोष्टींची खात्री पटल्यावाचून यंत्र तो अर्ज मंजूर करीत नाही. संप का झाला हे शोधताना आम्ही आधी दरवाजाशी उभ्या असलेल्या माणसाला विचारतो, साहेबाच्या खोलीत नंतर जातो. येथेही बाहेरून आत जावे.

एकही दिवा लागत नसेल तर यंत्राला दोष देण्यापूर्वी त्याच पॉइंटवर इस्त्री लावून पाहावी. पाणी तापविताना हे यंत्र सुमारे 2000 वॅट वीज खाते, म्हणजे जवळजवळ 9 अँपिअर. त्याला 16 अँपिअरचा पॉइंटच हवा. मिक्सरच्या 6 अँपिअरच्या पॉइंटवर जोडणी लावून ते चालविणे म्हणजे तार जाळण्याची तयारी होय. एम.सी.बी. पडला असेल तर एकदा वर करावा. पुन्हा लगेच पडला तर हात आवरावा आणि मिस्त्रीला बोलवावे. तेथे मोठा एम.सी.बी. बसवून देणारा मिस्त्री भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवावे.

दिवे लागतात, पण यंत्र ढिम्म हालत नाही, हा प्रकार अधिक आढळतो. त्यात पहिला संशयित दार. आपली भांडी परदेशी बशांसारखी चपटी नसतात. कढईचा कान, झाऱ्याचा दांडा किंवा पूर्ण आत न सरकलेला वरचा कप्पा दाराला आतून रेटतो, खिटी खट्ट आवाज करून बसत नाही, आणि खिटीमागचा चिमुकला स्विच जुळत नाही. दार बसले असेल तर पाटीवर किल्लीचे चित्र दिसते काय ते पाहावे. मुलांसाठीचे कुलूप पडलेले असते. तीन किंवा सहाचा आकडा दिसत असेल तर उशिरा सुरू होण्याची वेळ लागलेली असण्याचा संभव आहे. यंत्र निमूटपणे तास मोजत असते. मीठ संपल्याचा दिवा लागला म्हणून मात्र बहुतेक यंत्रे अडून बसत नाहीत.

मग पाणी. मागचा नळ उघडा आहे ना, नळी दुमडली नाही ना, नळीच्या तोंडाची जाळी गाळाने भरली नाही ना, हे पाहावे. पुष्कळ यंत्रांना किमान 0.3 ते 0.5 बार दाब लागतो, म्हणजे टाकी नळाच्या तीन ते पाच मीटर वर हवी. गच्चीखालच्या शेवटच्या मजल्यावर तेवढी उंची कोठून आणणार? तेथे यंत्र पाण्याची वाट पाहून शेवटी चुकीचा आकडा दाखविते, आणि लोक यंत्र बदलून आणतात! दाब वाढविणारा लहान पंप बसविला की काम भागते.

दार बंद, पाणी ठीक, तरी आतला पंप सारखा घुर्र करीत असेल तर तळाच्या ताटात पाणी साचले असावे. तेथला तरंगता खटका वर उचलला जातो आणि गळती थांबेपर्यंत यंत्र नवे पाणी घेत नाही.

दाराचा स्विच तारेने जोडून टाका, तरंगता खटका दाबून बांधा, की यंत्र चालते, असे सांगणारे शेजारी असतात. हा सल्ला आम्हांस फार ओळखीचा आहे. 1948 च्या कारखाने कायद्याने यंत्रांच्या धोक्याच्या भागांना आवरण घालणे मालकावर बंधनकारक केले होते. तरीही प्रेसचे आवरण उत्पादन वाढावे म्हणून बांधून ठेवलेले आम्ही शॉपमध्ये पाहिले आहे, आणि त्या प्रेसवर गेलेली बोटेही पाहिली आहेत. घरातल्या यंत्रात साठ-सत्तर अंशांचे पाणी जोराने फिरत असते. बांधलेल्या स्विचवर ते दार पहिल्यांदा उघडणार कोण? बहुधा तीच बाई, जिला कोणी काही सांगितलेले नसते.

महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. दुरुस्तीचे पैसे बाईच्या पगारातून कापण्याचा हक्क त्याने कोणाला दिलेला नाही. कढईचा कान दाराला लागतो हे तिला एकदा दाखवून द्यावे. सहसा दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

एवढे करूनही यंत्र बोलत नसेल तर प्लग काढावा, नळ बंद करावा आणि कारागिराला बोलवावे. मागचा पत्रा आपण उघडू नये. फोनवर त्याला मॉडेलचा क्रमांक, कोणता दिवा किती वेळा लुकलुकतो, आणि घुर्र आवाज येतो की नाही, एवढे सांगावे. म्हणजे तो लागणारा भाग बरोबर घेऊन येईल, आणि दोन खेपांचे पैसे एका खेपेत भागतील.