सेवाग्रामचें विद्यामंदिर



परधर्मीयांत शिकावयास धाडलेलें मूल आपलें राहील काय, असें नाचणगांवांतील आया विचारतात. ह्या शंकेस मी हसत नाहीं. परंतु आपल्याच वर्धा जिल्ह्यांत, सेवाग्रामास, डॉ. सुशीला नायर ह्यांनीं १९६९ सालीं स्थापिलेलें वैद्यकीय महाविद्यालय पाहावें. नाना प्रांतांचीं मुलें तेथें खादी वापरतात, आरंभीं आश्रमांत राहून झाडलोट करितात, सर्वधर्मप्रार्थनेस एकत्र बसतात. पुढें खेड्यांत मुक्काम करून घरोघरचीं दुखणीं विचारतात. तेथें परप्रांतीय सोबत्यास आपली वऱ्हाडी बोली उलगडून सांगणारा हवाच असतो. तोच सोबती एखादे रात्रीं, प्रभूनें शिकविलेल्या प्रार्थनेचा अर्थ काय, असेंही विचारील. तो अर्थ शिकविणें महाविद्यालयाचें काम नव्हे. तें घरीं चुलीपाशींच व्हावयाचें. म्हणून त्या आयांस मी उलट एवढेंच विचारतों : तुमच्या मुलास तें उत्तर देतां येतें काय?