पतंगाला बांध कळत नाही
(परतूर येथील शेतकरी बैठकीतील भाषण)



पर्यावरण म्हटलं की आपल्याला वाटतं, हा जंगलाचा आणि वाघाचा विषय. पण परतूरच्या काळ्या रानात पऱ्हाटीच्या एका ओळीत जे चालतं, तेच पर्यावरणशास्त्र.

उन्हापासून अन्न तयार करतं ते हिरवं पान. पानाचा रस मावा शोषतो. माव्याला ढालकिडा खातो, त्याला पाखरू खातं. जे गळतं, मरतं, ते गांडूळ, बुरशी आणि जिवाणू कुजवून पुन्हा मुळाशी आणून देतात. प्रत्येक पायरीवर खाल्लेलं बहुतेक जगण्यातच खर्च होतं. साधारण दहावा हिस्सा पुढं सरकतो. म्हणून मावा लाखानं असतो आणि ढालकिडे मोजके.

आता फवारा मारला. दोघंही मेले. आधी कोण परत येणार? पानाखाली वाचलेली माव्याची मादी नराशिवाय जिवंत पिल्लं घालते आणि आठवड्याभरात ती पिल्लंही व्यायला लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. राखणदार गेला, चोर वाढला. मग दुसरी फवारणी, तिसरी फवारणी, आणि दुकानाची उधारी.

गुलाबी बोंडअळीचंही असंच झालं. 2002 साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, 2006 साली दोन जनुकांचं वाण आलं. हिरवी बोंडअळी आटोक्यात राहिली. पण गुलाबी अळीचं पोट मुख्यतः कपाशीवरच. सगळ्या शिवारात एकच विष. त्यातून ज्या थोड्या वाचल्या, त्यांचीच पैदास झाली. कडेला साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या, त्या एवढ्यासाठीच, की वाचलेल्या पतंगाला साध्या कपाशीवरचा जोडीदार मिळावा. त्या ओळी फार थोड्यांनी लावल्या. त्यात फरदड मार्चपर्यंत उभी. अळीला घर मिळालं, अन्न मिळालं. 2017 साली मराठवाड्यात आणि विदर्भात बोंडं किडली, ती अशी.

फरदड ठेवणारा अडाणी नाही. भाव पडलेला, देणं अंगावर. आणखी दोन क्विंटल निघाला तर त्याला हवाच असतो. पण त्याच्या दोन क्विंटलाची किंमत पुढच्या वर्षी सगळं गाव मोजतं. पतंगाला बांध कळत नाही. म्हणून हा एकट्याचा निर्णय नव्हे, गावाचा आहे.

गावानं एवढं ठरवावं. डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढायची. किडकी बोंडं वेचून नष्ट करायची. पऱ्हाटीचे ढीग बांधावर किंवा घरामागं पावसाळ्यापर्यंत रचून ठेवायचे नाहीत. बारीक करून कुजवली तर तीच मातीचं खाद्य होते. जूनआधी लागवड नको; लवकर निघालेल्या पतंगाला पाती-फुलं मिळाली नाहीत, तर त्याची पिढी तिथंच खुंटते. एकरी दोन कामगंध सापळे लावा. लागोपाठ तीन रात्री, सापळ्यात रोज आठ पतंग दिसले, तरच औषधाचा विचार करा.

यात सापळ्याचे तेवढे पैसे लागतील. बाकी एकजूट लागते. ढालकिडा मजुरी मागत नाही, गांडूळ व्याज लावत नाही. त्यांना जगू दिलं, तर आपला खर्च उतरेल. शेजाऱ्याला सोबत घ्या आणि आपापल्या गावात ठराव करूनच पुढच्या बैठकीला या.