डोंगरावरील पांच वॅट

ब्रिटनमधील एखाद्या डोंगरावर रात्रीं मुक्काम करणाऱ्या हौशी रेडिओवाल्याची पाठपिशवी, श्रोतेहो, पाहण्यासारखी असते. तंबू, पांघरूण व शिधा यांच्या जोडीला तींत लहानशा पुस्तकाएवढें प्रक्षेपणयंत्र असतें. शक्ति अवघी पांच वॅट. घरगुती यंत्रें बहुधा शंभर वॅटांचीं. मग हा क्षीण स्वर कोणाच्या कानीं पडावा? पण कानाचा हिशेब निराळा! शक्ति वीसपट घटली, तरी ऐकणाऱ्याच्या मोजपट्टीवर संदेश जेमतेम दोन पायऱ्या खालीं येतो.

खरें साह्य आकाशाचें. दिवसा वातावरणाचा एक विद्युन्मय थर लहरींना गिळतो. सूर्यास्तानंतर तो विरतो, आणि सात मेगॅहर्ट्झच्या लहरी त्याहून उंच थरावरून परतून शेकडों मैलांवर उतरतात. त्या उंच थराच्या शोधाबद्दल एडवर्ड ॲपल्टन यांस १९४७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

२००२ सालीं ब्रिटनमध्यें ‘समिट्स ऑन दि एअर’ हा उपक्रम निघाला. त्यांत मोटारींतून बोललेलें चालत नाहीं. शिखराचे गुण हवे असल्यास निदान चार जणांशीं संभाषण व्हावें लागतें. येथें मोर्सची टकटक मनुष्यवाणीहून सरस ठरते. गोंगाटांतूनही ती निवडतां येते. वीस मीटरांची तार नीट उंच बांधणें हें तर यंत्राच्या किंमतीपेक्षां मोलाचें. विद्युत्घट गारठ्यानें लौकर थकतो, म्हणून जाणते लोक तो पांघरुणांतच घेऊन निजतात. आणि दूर क्षितिजावर वीज चमकली, कीं चौथें संभाषण राहिलें तरी तार सोडवून ते डोंगर उतरूं लागतात.