आगोटीची बेगमी



वसंत सरत आला की आपल्या ठाणे जिल्ह्यातील घरोघरी आगोटीची तयारी सुरू होत असे. तांदूळ कणगीत पडे, वाल उन्हात वाळत, सुकट-बोंबलांचे डबे भरत, सरपण माळ्यावर चढे. पावसात वाटा बंद होणार, हे गृहीत धरूनच घर चाले. त्या बेगमीत भीती नव्हती, शहाणपण होते. आज वाटा पावसाप्रमाणेच यंत्राच्या बिघाडानेही बंद होतात; म्हणून त्या शहाणपणाचा पुन्हा विचार करावा, असे आम्ही योजिले आहे.

उदाहरण दूरचे नको. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई एकदम अंधारात गेली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. बिघाडाचे मूळ आपल्या शेजारीच होते. भिवंडी तालुक्यातील पडघ्याहून कळव्याकडे जाणाऱ्या वीजवाहिन्यांपैकी एक दुरुस्तीसाठी बंद होती आणि दुसरी बंद पडली. अशा वेळी मुंबईने मोठ्या जाळ्यातून सुटून स्वतःच्या विजेवर तगावे, अशी योजना पूर्वीच केलेली होती. परंतु मागणी मोठी आणि शहरातल्या शहरात निघणारी वीज थोडी. तो तोल राहिला नाही आणि योजना कोलमडली.

यातला बोध आपल्या घरालाही लागू आहे. संकटात टिकायचे तर दोन गोष्टी लागतात: थोडे तरी आपले स्वतःचे असावे आणि गरज त्या मानाने कमी करता यावी.

आता काल्हेरकडे पाहा. जुन्या आग्रा रस्त्यावरचे, खाडीकाठचे हे गाव. भातखाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. मुंबईची जकात चुकवून माल ठेवण्यास ही जागा सोयीची होती. २०१७ साली जकात गेली, तरी गोदामे राहिली. महानगराचे धान्य, औषधे, कापड आपल्या दाराशी साठते. पण गाव कोठार झाले आणि घरातली कणगी गेली! पंप थांबला की वरच्या मजल्यावर घोटभर पाणी नाही. मोबाइल विझला की खिशात दमडी नाही. १९ जुलै २०२४ रोजी संगणकातील एका सदोष सुधारणेने जगभरचे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले, तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने पास लिहून द्यावे लागले. लिहिता हात होता म्हणून काम चालले!

मग करावे काय? चार माणसांच्या घराला पिण्यास व रांधण्यास माणशी रोज ५ लिटर धरले, तर तीन दिवसांचे ६० लिटर पाणी होते. एवढे झाकून ठेवणे कोणास जड आहे? आपल्याकडे वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. ५० चौरस मीटरच्या छपरावर सव्वा लाख लिटर पाणी येते. मग गोदामांच्या विस्तीर्ण पत्र्यांचा हिशेब आपणच करावा. गावच्या विहिरी उपसाव्यात, गाळ काढावा, रहाटाला दोर आणि पोहरा असावा. पंधरा दिवसांचा तांदूळ-डाळ, थोडी रोकड, आणि डॉक्टर व आप्तांचे क्रमांक कागदावर लिहिलेले असावेत. एक इशाराही देतो. छतावर सौर पट्ट्या बसविल्या म्हणजे सुटलो, असे नव्हे. जाळ्याशी जोडलेली साधी सौरयंत्रणा वीज जाताच आपोआप बंद होते, नाहीतर तारांवर काम करणाऱ्याच्या जिवाला धोका पोहोचेल. रात्री दिवा हवा तर बॅटरी आणि तशी वेगळी जोडणी हवी.

कोणी म्हणेल, हे म्हणजे पुन्हा मागे जाणे झाले. विनोबांनी १९५० साली पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग केला, पैसा वर्ज्य करून श्रमावर जगू पाहिले. तेवढे व्रत सर्वांना झेपणारे नाही, आणि आमचे तसे मागणेही नाही. यंत्र वापरावे, पण त्यावाचून आठवडाभर तग धरण्याची कला विसरू नये.

आणि स्वयंपूर्ण म्हणजे एकलकोंडे नव्हे. सातव्या मजल्यावर एकटी राहणारी आजी, प्राणवायूच्या यंत्रावर असलेला रुग्ण, इन्शुलिन थंड ठेवावे लागणारा शेजारी, यांची यादी प्रत्येक इमारतीत असावी आणि पाणी कोण पोचविणार हे आधीच ठरावे. एकट्याच्या भरल्या घरापेक्षा जागी आळी अधिक सुरक्षित असते.

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. मृग लागायला अजून अवकाश आहे. तेवढ्यात निदान पाण्याची आणि शेजाऱ्यांच्या यादीची बेगमी आपण कराल, अशी आशा बाळगून आम्ही आपली रजा घेतो.