सर्कशीतली उतरंड

(वस्तीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्यात. अमेरिकेतली सर्कस, तीही १९२९ नंतरच्या मंदीतली. तिचा आपल्याशी काय संबंध? सांगतो. आपले काही डावे मित्र कायम म्हणतात, पोटाचा प्रश्न आला की जातबित गळून पडते, भुकेपुढे सगळे सारखे. ठीक आहे, तपासून बघू. जिथं सगळे एकाच गाडीतून फिरत होते, एकाच भटारखान्यातलं खात होते, एकाच मालकाचे नोकर होते, त्या तंबूत शिरून बघू.

सर्कस म्हणजे त्या काळी एक चालतं गाव. रिंगलिंग ब्रदर्स अँड बार्नम अँड बेली ही सगळ्यात मोठी. नव्वद-शंभर डब्यांची स्वतःची रेल्वे, दीड हजाराच्या आसपास माणसं, शेकडो घोडे, हत्तींचा कळप, वाघसिंह. पहाटे गाडी गावात शिरायची, दुपारी माळावर तंबू उभा. दोन खेळ करायचे आणि रात्रीच सगळं गुंडाळून पुढचं गाव गाठायचं. हे गाव उभं कोण करायचं? ज्यांचं चित्र जाहिरातीवर कधीच नसायचं ते. खुंट्याभोवती घण घेऊन गोल उभे राहायचे आणि तालावर एकामागून एक घाव घालायचे. ताल चुकला की शेजाऱ्याचं मनगट गेलं. मंदीत रोजगार बुडालेली माणसं नुसतं जेवण आणि झोपायला फळी मिळते म्हणून या कामाला लागत होती.

आता या गावाची वेस बघा. नामवंत खेळाडूला डब्यात स्वतंत्र खोली. साध्या कलावंताला दोन मजली फळ्या. बिगाऱ्यांना तीन मजली, आणि एका फळीवर दोघं. काळ्या मजुरांची झोपायची सोय वेगळी. जेवणाचा तंबू एकच, पण मधे कापडी पडदा. पडद्याच्या एका बाजूला साहेबलोक आणि कलावंत, दुसऱ्या बाजूला मजूर. काळ्यांची टेबलं त्यातही निराळी. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणाले, ती तिथं मनुस्मृतीशिवाय चालली होती. प्रत्येकाच्या डोक्यावर कुणीतरी आणि पायाखाली कुणीतरी. मग वरच्याशी भांडायला कोण उठतो? जो तो आपल्या पायाखालचा सुटणार नाही ना, एवढंच बघतो.

गुणाला तरी किंमत होती का? मोठ्या तंबूतल्या बँडचा प्रमुख होता मर्ल इव्हान्स, गोरा. कॉर्नेट वाजवायचा, मोठं नाव कमावलं. त्याच सर्कशीत पी. जी. लोवेरी नावाचा काळा वादक होता. तोही कॉर्नेटचा उस्ताद, बँड बांधणारा, माणसं घडवणारा. पण त्याचा बँड वाजायचा बाहेरच्या छोट्या तंबूत, जिथं 'अजब माणसं' दाखवायला ठेवलेली असायची. काळ्यांचा बँड मोठ्या तंबूत बसवायचा नाही, ही रीतच होती. वाद्य एकच, सूरही तेच, तंबू मात्र दोन. आपल्याकडे वाजंत्री दाराबाहेर उभी करतात, तसंच.

त्या छोट्या तंबूत काय दाखवत होते तेही ऐका. व्हर्जिनिया राज्यातल्या ट्रूव्हाइन गावचे दोन काळे भाऊ, जॉर्ज आणि विली म्यूज. जन्मापासून कातडी पांढरी, केस पिवळट. लहानपणीच ते आईपासून तुटले. आई मेली असं त्यांना सांगितलं गेलं. मग कुणी त्यांना मेंढीच्या डोक्याची माणसं म्हणून विकलं, कुणी मंगळावरचे राजदूत म्हणून. गर्दी तिकीट काढून बघायची, पैसा मालकाच्या पेटीत. १९२७ च्या ऑक्टोबरात सर्कस रोअनोक शहरात आली आणि त्यांची आई हॅरिएट म्यूज थेट त्या तंबूत घुसली. निरक्षर, दुसऱ्यांच्या घरी राबणारी बाई. पोरांनी तिला ओळखलं. पोलीस आले, सर्कशीचे वकील आले, ती हटली नाही. पोरांना घरी घेऊन गेली आणि वर रिंगलिंगवर दावा ठोकला! तडजोड झाली. पुढे भाऊ पुन्हा सर्कशीत गेले, पण पगार घेऊन. दोस्तांनो, पुतळा उभारायचा तर या बाईचा उभारा.

आता जनावरांकडे येतो. तिथले हत्ती बहुतेक आपल्या बाजूचे, आशियातले, आणि जवळजवळ सगळ्या हत्तिणी. सर्कशीच्या भाषेत मात्र सरसकट सगळ्यांना 'बैल' म्हणायचे. खेळ दिसायचा तासाभराचा. बाकी वेळ त्या चिखलात रुतलेल्या गाड्या ढकलायच्या, खांब ओढायच्या. अंकुश आपल्याकडचाच, फक्त धरणारा हात बदलला. लीद कोण उचलत होतं, ते मी न सांगताही तुम्हाला कळलंय.

तीन तारखा लिहून घ्या. १३ सप्टेंबर १९१६. स्पार्क्स सर्कशीतल्या मेरी नावाच्या हत्तिणीने नवख्या माहुताला मारलं. टेनेसीतल्या अर्विन गावात रेल्वेच्या क्रेनला लटकवून तिला फाशी दिलं. पहिली साखळी तुटली तर दुसरी आणली. दोन-अडीच हजार लोक बघायला जमले होते. दुसरी तारीख १५ जून १९२०. जॉन रॉबिन्सन सर्कशीतले तीन काळे मजूर: एलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन, आयझॅक मॅगी. मिनेसोटातल्या डुलुथ शहरात एका गोऱ्या पोरीवर बलात्काराचा आरोप त्यांच्यावर आला. डॉक्टरने पोरीला तपासलं, अत्याचाराची खूण सापडली नाही. तरी हजारोंच्या झुंडीने पोलीस ठाणं फोडलं, तिघांना दिव्याच्या खांबाला लटकवलं, फोटो काढले, त्यांची पोस्टकार्डं विकली. खुनाची शिक्षा एकालाही झाली नाही. तिसरी, ऑक्टोबर १९२९. अल जी. बार्न्स सर्कशीतल्या ब्लॅक डायमंड नावाच्या भारतीय हत्तीने टेक्सासात एका बाईला मारलं. काही दिवसांत त्याला गोळ्या घालून संपवला.

मी माणसाला जनावराच्या रांगेत बसवत नाही. त्या रांगेत बसवणारे ते. दोघांसाठी दोर तोच, गर्दी तीच, तमाशाही तोच. आणि या तिन्ही सर्कशी सप्टेंबर १९२९ मध्ये जॉन रिंगलिंगने एका फटक्यात विकत घेतल्या. त्यांच्यासकट पाच सर्कशींचा सौदा, सुमारे १७ लाख डॉलरचा. पुढच्याच महिन्यात शेअर बाजार कोसळला.

मग कर्ज कुणाच्या पाठीवर? आठवड्याच्या मजुरीतला काही भाग मालक दाबून ठेवायचे, हंगाम संपल्यावर देऊ म्हणून. काही सर्कशींत त्याआधीच मजुराला रात्री धावत्या गाडीतून खाली लोटायचे. अंधारात त्याला दिसायचा फक्त गाडीच्या मागचा लाल दिवा. म्हणून त्या प्रकाराला नावही लाल दिव्यावरूनच पडलं. माझा चुलता इकडच्या एका सर्कशीत खुंटे ठोकायला होता. मी त्याला भाकरी पोचवायचो. दोन महिन्यांची मजुरी 'पुढच्या मुक्कामाला देतो' म्हणून थकवली. एक दिवस गेलो तर माळ रिकामा. खुंट्यांची भोकं आणि हत्तीची लीद, एवढंच मागे. चुलता तिथंच बसला होता. भाकरी त्याने खाल्ली, बोलला काही नाही.

पण मजूर नेहमी गप्पच बसले असं नाही. १९३७ साली रिंगलिंगमध्ये युनियनचा करार झाला. १९३८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कात मजुरांनी काम बंद केलं, तेव्हा कलावंतांनी स्वतः सामान ओढून खेळ केला. पडदा आठवतोय ना, जेवणाच्या तंबूतला? तो इथं कामाला आला. जूनमध्ये मालकाने पगारात २५ टक्के कपात मागितली. पेनसिल्व्हेनियातल्या स्क्रँटनला मजुरांनी पुन्हा हात थांबवले. हंगाम अर्ध्यात मोडून सर्कस फ्लोरिडात, सारासोटाला परत गेली. एवढं प्रचंड गाव मजुरांनी जागेवर थांबवलं, ही त्यांची ताकद. पण मालकाने गाजलेले खेळ उचलले आणि अल जी. बार्न्सच्या तंबूत चालू केले. खेळाडू तिकडे गेले. ज्यांनी संप केला ते रस्त्यावर.

म्हणून डाव्या मित्रांना माझं सांगणं आहे. भूक सगळ्यांना लागली होती, ती कुणाला सारखं करून गेली नाही. उलट मंदीत प्रत्येकजण आपली फळी जास्तच घट्ट धरून बसला. एकजूट आम्हालाही पाहिजे. पण जेवणाच्या तंबूत पडदा टांगलेला ठेवून संपाच्या दिवशी 'कामगार एक व्हा' म्हणाल, तर कोण एक होणार? आधी पडदा फाडा. तुमच्या युनियनमध्ये गटारात उतरणारा कुठल्या टेबलावर बसतो, ते आधी सांगा.

आणि आपल्या पोरांना एक. सर्कशीने हत्तिणीला बैल म्हटलं, म्यूज भावांना मंगळावरचे म्हटलं. नाव मालकाने ठेवायचं, तिकीटही त्यानेच लावायचं. १९६६ साली ऑकलंडमधल्या काळ्या पोरांनी आपलं नाव आपण घेतलं, पँथर. १९७२ साली मुंबईत आपल्या आधीच्या पोरांनी तेच घेतलं. ते पिंजऱ्यातल्या जनावराचं नाव नव्हतं. ते लावून कुणाच्या तंबूत खेळ करायला जाऊ नका. आज तंबू पुष्कळ आहेत, बोलावणीही येतात, मधल्या फळीवर जागा देतो म्हणतात. जाणाऱ्याने एवढंच बघावं, खालच्या फळीवर कोण झोपलंय.

जय भीम.